सतरावा डेल्को

"दोन्ही डेल्को टेबलावर ठेवा, आन् तुम्ही दोघं दोन कोपऱ्यांत बसा," गोपिका म्हणाली. "जवळ बसाल तर संध्याकाळपर्यंत हेच चालन."

आजोबा आणि नातू मुकाट्याने दोन कोपऱ्यांत गेले. आजोबांना, म्हणजे नानाजींना, कोपरा चुकीचा मिळाला. तिथे गोपिकेची मोठी जाऊ सिंधूताई भिवापूरहून आलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. नानाजींना लागोपाठ चार शिंका आल्या.

"हे दुकान आहे का मिरचीचं गोडाऊन, बाई?"

"दोन्ही आहे," सिंधूताई मान वर न करता म्हणाली. "डेल्कोचं गिऱ्हाईक महिन्यातून चार येते. मिरचीचं रोज येते."

हनुमाननगरातल्या त्या पुढच्या खोलीत अर्धी जागा मिरच्यांनी आणि अर्धी एका हिरव्या लोखंडी यंत्राने अडवली होती. नातू केयूर त्या यंत्राकडे देवळात आल्यासारखा बघत होता. पंचवीस-सव्वीसचं पोरगं, पण जुन्या वस्तूंचं वेड लागलेलं. त्याने आल्या आल्या यंत्राचे सहा फोटो काढले होते. नानाजी शहात्तर वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि ओढ सगळी नव्याकडे.

भांडण एवढंच होतं. घरी नानाजींची जुनी फियाट होती. साधी नव्हे. हेड घासलेलं, कॅम बदललेला, कार्बोरेटर मोठा; शर्यतीसाठी तयार केलेली. पुढच्या महिन्यात एक मोटार क्लब चिखलदऱ्याच्या चढावर जुन्या गाड्यांची शर्यत ठेवणार होता. तीत ही गाडी केयूर चालवणार होता. प्रश्न होता, तिला मूळ डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ठेवायचा की बाजारात मिळतो तो नवा इलेक्ट्रॉनिक बसवायचा.

"सरळ सांगतो, बाई," नानाजी म्हणाले. "जुना डेल्को मठ्ठ आहे. हा नवा पाहा. पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, काही जळून जाची भानगड नाही."

"आबा, जुन्या गाडीत नवा माल टाकला तर मंग जुनी गाडी कशाची?" केयूर म्हणाला. "काकू, तुम्हीच सांगा. ओरिजनल ते ओरिजनल."

"ओरिजनलनं हरलो मी एकदा. तुले हराची हौस आहे का?"

गोपिका हसली नाही, पण तिच्या मनातल्या वहीत नोंद झाली. लोक सल्ला मागायला येतात तेव्हा निकाल घरूनच लावून येतात. त्यांना फक्त साक्षीदार पाहिजे असतो, हा तिचा जुना अनुभव. माणसांच्या बाबतीत तिचा स्वभावच जमाखर्चाचा होता. कोण काय बोलतो ते एका बाजूला, काय बोलायचं टाळतो ते दुसऱ्या बाजूला.

ती अठ्ठावन्न वर्षांची होती. भिवापूरजवळच्या शेतकरी घरातून आयटीआयला आलेली, वर्गात एकटी मुलगी. धंतोलीतल्या शेरेकरांच्या ऑटो इलेक्ट्रिकमध्ये तिने बावीस वर्षं या एकाच यंत्रापुढे काढली. यंत्रावर डेल्को बसवायचा, मोटरने फिरवायचा आणि गोल पट्टीवर उजेडाचा बाण कितव्या अंशावर थांबतो ते कार्डावर लिहायचं. डेल्कोचं काम चार प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटण्याचं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ठिणगी लवकर पडायला हवी, आणि ती किती लवकर पडते हेच हे यंत्र सांगतं. पुढे डेल्को नसलेल्या गाड्या आल्या, शेरेकरांनी शटर ओढलं, आणि यंत्र भंगारात जायच्या आत गोपिकेने ते हातगाडीवर घालून घरी आणलं. नागपुरातल्या हजारो गाड्यांचं पळणं तिच्या हाताखालून गेलं होतं. एकीचंही स्टिअरिंग तिने कधी धरलं नव्हतं.

"कधी हरले तुम्ही?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"एक्याण्णव साली. हाच चढ. साडेतीन सेकंदानं." नानाजींनी आकडा काल घडल्यासारखा सांगितला. "आमचे साळेबुवा होते ना गणपतराव, मोठे मेकॅनिक! त्यायनं कार्बोरेटरचे पेट्रोल सोडाचे जेट बदलले शर्यतीच्या आधल्या दिवशी. गाडी चढावर अशी दमली, जशी काही म्हैस बसवली मांग. मी खाली आलो, जेट काढले आन् त्याच्या अंगावर फेकले. त्या दिवसापासून बोलणं बंद."

"चौतीस वर्षं?"

"भाऊबीजेले तो यायचा. मी बाहेर जायचो." नानाजींनी चष्मा पुसला. "मले रामटेकचे सारे पुजारी ओळखतात, दरसाल भाऊबीजेले कोण येते म्हणून."

"आजी गेली तेव्हाही मामाआजोबा फाटकापाशीच उभे होते," केयूर हळूच म्हणाला.

"तू जुन्या डेल्कोचं बोल," नानाजी म्हणाले.

त्यांना एक वाजता रामदासपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. चार वाजता परत येतो म्हणून दोघे गेले. जाताना नानाजी दारात थांबले. "बाई, तुम्ही म्हणाल ते फायनल. पण नवाच म्हणा."

गोपिकेने आधी नवा यंत्रावर चढवला. तिला त्याचा राग वगैरे नव्हता. रागाने मापं बदलत नाहीत. बाण स्वच्छ उमटला. पाचशे फेऱ्यांना शून्य, हजाराला आठ, दोन हजाराला तेरा. चारही ठिणग्या जागच्या जागी. तिने कार्डावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. चांगला माल होता.

मग जुना चढवला. हजाराला तीन अंश. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीनच. सात पाहिजे होते. दोन हजाराला बारा पाहिजेत तिथे नऊ.

"मठ्ठ तर आहे," ती स्वतःशी म्हणाली. तिने तो उतरवला, झाकण काढलं, वरची पाटी सोडवली आणि दिव्याखाली धरला.

डेल्कोच्या पोटात दोन छोटी वजनं असतात आणि ती आवरून धरायला दोन स्प्रिंगा. एक बारीक, ती पहिल्यापासून ताणलेली. दुसरी जाड, आणि तिच्या टोकाचा फासा मुद्दाम लांब, ढिला ठेवलेला, म्हणजे सुरुवातीला ती मध्ये येत नाही. वेग वाढल्यावर कामाला लागते. नवख्याला वाटतं, फासा झिजून लांबला. इथे कोणीतरी तो ढिला फासा पकडीने चेपून घट्ट केला होता. जाड स्प्रिंग पहिल्या फेरीपासून वजनांना मागे ओढत होती.

कोणीतरी म्हणजे कोण, हे पाटीच्या कडेला लिहिलं होतं. पंचने उठवलेले तीन ठिपके, त्रिकोणात. शेरेकरांकडे प्रत्येक कारागिराची खूण वेगळी होती. तीन ठिपके गोपिकेचे.

तिने डेल्को खाली ठेवला आणि कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.

एक्याण्णव साली ती चोवीस वर्षांची होती. यंत्रावर एकटीला बसवून तीन महिने झालेले. मोठा कारागीर आजारी पडला होता, आणि ढिला फासा दिसला की ती चेपत होती. वर अभिमानही होता की इतरांच्या नजरेतून सुटलेली झीज आपल्याला दिसते. मोठा कारागीर परत आला, त्याने सहज बोलता बोलता लांब फाशाचं कारण सांगितलं आणि तिच्या पायाखालची फरशी सरकली. त्या रात्री रजिस्टर उघडून तिने मोजले. सतरा डेल्को. मग तिने शेरेकरांना सांगितलं की फुकट तपासणीची योजना काढू, गिऱ्हाईक खूश होतं. शेरेकरांना कल्पना फार आवडली. सोळा जण आले. सोळाच्या सोळा स्प्रिंगा तिने गुपचूप बदलल्या. सतराव्याला दोन पोस्टकार्डं टाकली. तो आला नाही.

रजिस्टरात सतरावी ओळ होती: 'फियाट. नानाजी बारापात्रे, इतवारी.'

सकाळचा, खिशाला पेनं लावलेला तो शर्ट तिला आठवला. सकाळी नाव विचारलं नव्हतं. फोनमध्ये नातू 'केयूर फियाट' एवढाच होता. आणि तो तेव्हा का आला नाही, हेही आज कळलं. शर्यतीनंतर गाडी विटांवर चढवून ठेवली असणार. डेल्को कोण तपासायला नेतो? दोषी सापडला होता ना घरातच.

"काय झालं वं?" सिंधूताईने विचारलं. "एवढी गप काहून बसली?"

गोपिकेने सांगितलं. सिंधूताईचे हात देठ खुडता खुडता थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"नवा चांगला आहे म्हणतं ना?"

"चांगला आहे."

"मंग नवा लावा म्हण. खोटं तर नाही ना त्यात. बुढ्यालेही तेच पाहिजे. जुना पोराच्या काचेच्या कपाटात जाऊन बसन. कोण उघडते?"

"कोणीच नाही."

"मंग झालं तर. चौतीस वर्षं झाले, गोपिका. तू काय मुद्दाम केलं होतं का? आता सांगून त्या बुढ्याले काय देतं तू?"

गोपिकेने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सिंधूताई एका शब्दानेही चूक नव्हती. नवा बसवा म्हटलं की सगळे खूश; नातू जरा नाराज, तो आठवड्यात विसरेल. सल्लाही खरा. फक्त त्या खऱ्या सल्ल्याखाली आपण काय पुरतो आहोत हे आपल्याला माहीत राहील. आणि कुठेतरी एक गणपतराव नावाचा मेकॅनिक आहे, ज्याने बहुधा जेट बरोबर बसवले होते आणि ज्याला चौतीस वर्षं कोणी तसं म्हटलं नाही.

"बुढ्याले काय देते ते नाही," ती म्हणाली. "हे माझं नाहीच आहे ठेवाले."

सिंधूताई म्हणाली, "कर मंग. तू कोणाचं ऐकलं आहे." आणि थोड्या वेळाने, "आधी जेवून घे."

गोपिका जेवली नाही. डब्यांत शोधून तिने लांब फाशाची जुनी स्प्रिंग काढली, पेट्रोलने धुतली, बसवली. पुन्हा यंत्रावर चढवून मोटर चालू केली. पाचशेला शून्य. हजाराला सात. दोन हजाराला बारा. बाण असा थांबला की कोणी खिळ्याने ठोकून ठेवला आहे. तिने दुसरं कार्ड घेतलं आणि त्यावर दोन रकाने केले, सकाळचा आणि आत्ताचा.

चारच्या सुमारास दोघे आले. नानाजींच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे ते डोळे बारीक करून बघत होते.

"हं बाई. नवा ना?"

"दोन्ही चांगले आहेत," गोपिका म्हणाली. "तुमचा जुना सकाळपर्यंत मठ्ठ होता. आता नाही. तो मठ्ठ कोणी केला ते सांगते, मंग तुम्ही ठरवा."

तिने उभ्यानेच सांगितलं. फासा, पकड, तीन ठिपके, सतरा, सोळा, पोस्टकार्डं. चेपलेली स्प्रिंग तिने कागदावर ठेवून पुढे केली. केयूरने ती उचलून उजेडात धरली. नानाजींनी हात लावला नाही.

"म्हणजे जेट..." ते म्हणाले.

"जेट मी पाहिले नाही. ते मले सांगता येणार नाही. पण चढावर गाडी दमली म्हणता, म्हैस बसवल्यासारखी. ते हेच."

"किती सेकंद?"

"अं?"

"ह्याच्यानं किती सेकंद गेले? साडेतीन गेले का? का दोनच?"

"ते मी सांगू शकत नाही, भाऊ. यंत्र अंश सांगते. सेकंद सांगत नाही."

"सांगा ना अंदाजे! एवढं सांगितलं तर तेही सांगा!" नानाजींचा आवाज चढला. "एवढे वर्षं शेरेकराच्या गल्लीवरून गेलो मी. तुम्ही तिथंच बसून होत्या. इतवारी काय लंडनले आहे? पंधरा पैशाचं पोस्टकार्ड टाकलं, झालं? दारावर येता येत नव्हतं?"

"येता येत होतं," गोपिका म्हणाली. "भेव वाटलं. नोकरी जाईल म्हणून."

नानाजी नातवाकडे वळले.

"केयूर," नानाजी म्हणाले, "त्याचा नंबर आहे ना तुझ्यापाशी?"

"कोणाचा, आबा?"

"मले सारं बोलाले लावशीन का आता?"

केयूरने नंबर लावला आणि फोन आजोबांपुढे धरला. पलीकडून घंटी वाजत होती. नानाजींनी फोनकडे पाहिलं, गोपिकेकडे पाहिलं, आणि हनुवटीने खूण केली. तुम्ही बोला.

गोपिकेने फोन घेतला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता. तिने आपलं नाव सांगितलं, शेरेकरांचं सांगितलं, आणि तेच सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते लहान झालं नाही. तिचं सांगून झाल्यावर केयूरने फोन चालू आहे का म्हणून वाकून पाहिलं.

"बाई," गणपतराव शेवटी म्हणाले, "हे दोन वर्षं आधी सांगितलं असतं, तर कौशल्यानं ऐकलं असतं."

नानाजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. कौशल्या त्यांची बायको. गणपतरावांची बहीण.

"हो," गोपिका म्हणाली.

"भाऊजी आहेत का तिथं?"

"आहेत. इथंच उभे आहेत."

मग नानाजी वळले, गोपिकेच्या हातातून फोन घेतला आणि कानाला न लावता तोंडापुढे धरला.

"गणपत. जेटचा नंबर काय होता?"

"मेन एकशे पस्तीस," पलीकडून लगेच उत्तर आलं. "आन् स्लो पंचावन."

"लक्षात आहे?"

"मी दुसरं काय लक्षात ठेवलं, भाऊजी?"

नानाजींनी फोन केयूरच्या हातात दिला. बंद त्यानेच केला. खिशातलं पेन काढून नानाजींनी गोपिकेच्या कार्डाच्या मागे आकडे लिहिले. औषधामुळे दिसत नव्हतं. एक आकडा दुसऱ्यावर चढला. केयूरने शेजारी पुन्हा लिहिले.

"जुना लावाचा," नानाजी म्हणाले.

"आबा, पण तुम्हीच तर सकाळपासून..."

"नव्यानं तू जिंकशीन, गा. मले मालूम आहे. पण त्याच्यानं मले काय समजन?" ते गोपिकेकडे वळले. "जुना डेल्को, गणपतचे जेट, तोच चढ. जसं तेव्हा पाहिजे होतं तसं. मले पाहाचं आहे की किती सेकंद खाल्ले. तुम्ही किती, आन् मी किती."

दारातून बाहेर पडताना त्यांनी नमस्कार केला नाही.

केयूर मागे रेंगाळला. "काकू, बसवाले उद्या तुम्हीच या. दुसऱ्या कोणाले आबा हात लावू देणार नाही."

"तुझे आबा मले लावू देतीन का?"

"त्यायनंच सांगितलं विचाराले. आत्ता दारातून निघता निघता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिका स्कूटरवरून इतवारीला गेली. गल्लीच्या तोंडाशी साड्यांच्या दुकानांची शटरं वर जात होती. बारापात्र्यांच्या अंगणात फियाट उभी होती, बॉनेट उघडं. तिने गाडीकडे इतकंच पाहिलं जितकं कामाला लागतं. केयूरने जेट आधीच बसवले होते. नानाजी पडवीत खुर्ची टाकून बसले होते. पेपर वाचत होते, किंवा धरून होते.

डेल्को जागेवर बसला. वायरी लागल्या. केयूरने चावी फिरवली. इंजिन तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झालं आणि अंगणातली कबुतरं उडाली. गोपिकेने ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंगचा दिवा इंजिनाच्या पुलीवर धरला. उजेडाच्या झगमगाटात फिरती खूण एका जागी थिजल्यासारखी दिसू लागली. डेल्को हाताने थोडा फिरवला की खूण सरकायची. आठ अंशांवर इंजिन गुळगुळीत बोलू लागलं.

"बस काकू, मस्त!" केयूर म्हणाला. "इथंच ठेवा. किती स्मूथ चालून राहिली."

पाहिजे होते दहा, पण आठवर कोणालाच काही वाटलं नसतं. गाडी चांगली धावली असती, चढावर मात्र थोडी कमी पडली असती. चौतीस वर्षांपूर्वी तिच्या चुकीने किती सेकंद गेले त्याचा आकडा लहान आला असता. एक, फार तर दीड. माणूस दीड सेकंदाचं ओझं म्हातारपणी सहज उचलतो. हे सगळं गोपिकेला दिवा हातात धरल्या धरल्या समजलं, आणि समजायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ तिचा हात थांबला.

"दहा पाहिजे," ती म्हणाली, आणि डेल्को आणखी फिरवला. इंजिनाचा आवाज जरा धारदार झाला. "इकडे ये. तू पाह्य. माझ्या डोळ्यावर नको ठेवू."

केयूर वाकला. "दहा. बरोब्बर दहा."

"मोठ्यानं सांग."

"दहा, आबा!" केयूर इंजिनावरून ओरडला.

पडवीतला पेपर हलला नाही. गोपिकेने पाना घेतला, खूण ढळू नये म्हणून एका हाताने डेल्को धरून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळला.